एकाच घरातले दोन अर्ज: वकील कुणाला लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यजमानांच्या नोकरीमार्फत तुम्हा दोघांना आणि मुलीला ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेचं ग्रीनकार्ड मिळालं, यंदाच्या ऑक्टोबरात पाच वर्षं पूर्ण होतील. न्यू जर्सीतल्या एका वकिलांनी दोघांच्या नागरिकत्वाच्या अर्जांचे ३,६०० डॉलर सांगितले, शिवाय चौदा वर्षांच्या मुलीच्या नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटचे वेगळे. मैत्रीण म्हणते, तिने एका शनिवारी दुपारी बसून अर्ज भरला आणि काही महिन्यांत शपथही घेतली. मग वकील हवा की नको? नागरिकत्व आल्याबरोबर साताऱ्याहून आईंना कायमचं इकडे आणायचं आहे. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक वाक्य: २०२३ मध्ये वडिलांच्या आजारपणात तुम्ही मे ते डिसेंबर, असे सात महिने साताऱ्यातच होता.

माझ्या दृष्टीने तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे.

मी वीस वर्षं इमिग्रेशनच्या वकिलीत हेच काम करते, त्यामुळे 'स्वतः भरा' म्हणणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणं. तरी सांगते. यजमानांनी आपला अर्ज स्वतः भरावा. तुम्ही मात्र अर्जाला हात लावण्याआधी तासभर वकिलाकडे बसावं. मुलीसाठी आत्ता काहीही भरू नये.

लोकांना वाटतं, वकिलाची फी फॉर्म भरण्याची असते. तसं नाही. नागरिकत्वाचा एन-४०० फॉर्म सरकारी वेबसाइटवर खातं उघडून घरबसल्या भरता येतो. एप्रिल २०२४ पासून त्याची सरकारी फी ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदावर ७६० आहे. इन्कम टॅक्स स्वतः भरणाऱ्याला तो जड जाऊ नये. पाच वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, परदेशवाऱ्या, लग्न, मुलं, आणि मग 'तुम्ही कधी अमुक केलंय का' अशा प्रश्नांची लांबलचक रांग. खरं सांगायचं तर बहुतेक ऑफिसांत हा फॉर्म वकील भरतच नाहीत, त्यांच्या हाताखालची पॅरालीगल भरते. मीही सुरुवातीची वर्षं तेच केलं.

वकील लागतो तो हा अर्ज करावा की नाही, आणि केला तर कधी, हे ठरवायला. कारण एन-४०० टाकला की अधिकारी फक्त गेली पाच वर्षं बघत नाही. तुमची सगळी जुनी फाइल पुन्हा टेबलावर येते. ग्रीनकार्ड मुळात नियमाने मिळालं होतं का, हेही तो तपासू शकतो. ऑगस्ट २०२५ पासून 'चांगल्या वर्तणुकी'चा विचार आणखी कडकपणे, म्हणजे आणखी बारीकसारीक बाबी धरून करण्याचे आदेश आहेत. कपाटात काही नसेल तर कपाट उघडायला भ्यायचं कारण नाही. पण काही असेल, तर ते आपण आधी बघावं, त्यांनी नंतर नव्हे.

यजमानांचं कपाट मला स्वच्छ दिसतं. ज्या कंपनीने ग्रीनकार्ड केलं तिथे त्यांनी कार्ड आल्यावरही दीड वर्ष काम केलं, मग नोकरी बदलली. यात काही वावगं नाही. कार्ड हातात पडल्यावर आठ दिवसांत राजीनामा दिला असता, तर मी वेगळं बोलले असते. सहा महिन्यांवर कुठली वारी नाही, पाच वर्षांत निदान तीस महिने अमेरिकेत असावं लागतं त्यात यजमान सहज बसतात, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे पोलिसांशी कधी संबंध नाही. त्यांनी फक्त तारखेकडे लक्ष द्यावं. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी ९० दिवसांपासून अर्ज करता येतो. लक्षात घ्या, ९० दिवस, तीन महिने नव्हेत. मी नवी असताना ज्या ऑफिसात होते तिथे मी एका गृहस्थांचा अर्ज तीन महिने मोजून पाठवला. १० ऑक्टोबरच्या मागे १० जुलै. मधले दिवस भरले ९२. अर्ज दोन दिवस लवकर गेला म्हणून फेटाळला गेला, फी बुडाली, ती ऑफिसने पदरची भरली आणि माझा चेहरा आठवडाभर उतरलेला होता. म्हणजे वकिलाच्या ऑफिसातही हे होतं. सरकारी वेबसाइटवर तारीख काढून देणारं साधन आहे, ते वापरा आणि वर चार दिवस जाऊ द्या.

वाऱ्यांच्या तारखा आठवणीतून लिहू नका. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं आणि सरकारच्या आय-९४ वेबसाइटवरचा तुमचा ये-जा इतिहास, तिन्ही जुळवा. परीक्षेचं म्हणाल तर २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. मैत्रिणीने बहुधा जुनी दिली असेल, १०० पैकी १० विचारून ६ वाली. तिच्या नोट्स घेऊ नका.

आता ती 'कधी'वाल्या प्रश्नांची रांग. यजमान ती पाच मिनिटांत 'नाही, नाही, नाही' करत उतरतील. तशी उतरू नका, दोघांनी बसून एकेक वाचा. माझ्याकडे एक मुलगा आला होता, दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर आलेला, ग्रीनकार्डवाला. अठराव्या वर्षी गाडीचं लायसन्स काढायला गेला तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का? पोराने स्क्रीनवर सही केली. मत कधीच दिलं नाही, पाच वर्षांनी त्याला हे आठवतही नव्हतं. आईला मात्र घरी आलेलं मतदार कार्ड आठवलं. मी नागरिक आहे असा खोटा दावा ३० सप्टेंबर १९९६ नंतर कुणी केला असेल, तर तो या कायद्यातल्या सगळ्यात क्रूर कलमांपैकी एकात सापडतो. माफीची सोय जवळजवळ नाहीच, आणि नागरिकत्व राहिलं बाजूला, हद्दपारीची केस उभी राहू शकते. आम्ही अर्ज थांबवला, कौंटीच्या निवडणूक कार्यालयातून त्याची मूळ नोंद मागवली. 'मी नागरिक आहे' या चौकटीत खूणच नव्हती. त्या एका रिकाम्या चौकटीवर पोरगा वाचला. त्याने स्वतः अर्ज भरून 'मतदार म्हणून कधी नाव नोंदवलंय का' या प्रश्नापुढे बेधडक 'नाही' लिहिलं असतं, तर वर खोटं बोलल्याचाही ठपका आला असता.

दुसरी नेहमीची गोष्ट मॉलमधली. दुकानातून वीस डॉलरची वस्तू पर्समध्ये गेली, पोलीस आले, कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला, वर्षभराने जज्जने केस काढून टाकली. फौजदारी वकील म्हणाला, रेकॉर्ड साफ झालं. राज्याच्या कायद्यात झालंही असेल. इमिग्रेशनच्या कायद्यात गुन्हा कबूल केला आणि काही शिक्षा झाली, मग ती दंडाची का असेना, की तो दोषसिद्ध गुन्हाच. नंतर केस पुसली तरी इथे ती पुसली जात नाही. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात म्हटलं, की कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे फौजदारी वकिलाने अशिलाला सांगितलंच पाहिजे. सांगतात का? काही सांगतात. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दोन दोषसिद्ध केसेस पाच वर्षांत असतील तर वर्तणूक चांगली नाही असंच गृहीत धरून अधिकारी सुरुवात करतो. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत 'माझ्या मेहुण्याचंही असंच होतं, काही झालं नाही' असं सांगणारे भेटतात. त्या मेहुण्याची फाइल कुणी पाहिलेली नसते.

मुलगे असलेल्या वाचकांसाठी एवढंच: ग्रीनकार्डवाल्या मुलाला अठरा ते सव्वीस या वयात सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे गरज पडल्यास सैन्यभरतीसाठी ठेवलेल्या सरकारी यादीत, नाव नोंदवावं लागतं. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामागे मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर) असेपर्यंत नाही, पण एकोणिसाव्या वर्षी कार्ड आलं की लागतं, आणि घरात कुणाच्या ते ध्यानात येत नाही.

आता तुमचं. सहा महिन्यांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी अशी एक वारी झाली, की तुमचं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं कायदा गृहीत धरतो. पण ते गृहीतक आहे, निकाल नव्हे. पुरावा देऊन ते खोडता येतं. नियमात चार गोष्टी नावानिशी सांगितल्या आहेत: इथली नोकरी सोडली नव्हती, जवळचं कुटुंब इथेच होतं, इथलं घर तुमच्या ताब्यात होतं, आणि तिकडे नोकरी धरली नव्हती. तुम्ही लिहिता की यजमान आणि मुलगी इथेच होते, घराचे हप्ते चालू होते आणि ऑफिसने बिनपगारी रजा दिली होती. रजेचं पत्र, त्या वर्षीचा टॅक्स, मुलीच्या शाळेचे कागद, बँकेचे हप्ते, वडिलांच्या हॉस्पिटलचे कागद आणि मृत्यूचा दाखला हे सगळं जमवलंत तर तुमची बाजू बळकट आहे असं मला वाटतं. रजेऐवजी राजीनामा दिला असता तर मी इतक्या ठामपणे म्हटलं नसतं.

दुसरी वाट थांबण्याची. परत आल्यापासून साडेचार वर्षं, म्हणजे जून २०२८ उलटू दिलात, तर मोजणीच्या पाच वर्षांत सहा महिन्यांवर गैरहजेरीच उरत नाही आणि प्रश्न मिटतो. म्हणजे आत्ता पुरावे घेऊन जायचं, की पावणेदोन-दोन वर्षं थांबायचं? आत्ता अर्ज केला आणि अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, तर फी आणि वेळ जाईल. एवढ्या एका कारणावरून ग्रीनकार्ड जाऊ नये. पण तुमच्या फाइलमध्ये दुसरं काही असेल, तर नकार महागात पडतो. हे तपासायलाच तो एक तास हवा.

त्या तासाला रिकाम्या हाताने जाऊ नका. आधी सरकारकडून स्वतःची जुनी फाइल मागवा. माहितीच्या कायद्याखाली ऑनलाइन अर्ज करता येतो, पैसे पडत नाहीत, फक्त धीर लागतो. नोकरीच्या ग्रीनकार्डात तुमचे कागद कंपनीच्या वकिलांनी भरले होते. तुमच्या नावाने त्यात काय लिहिलंय ते तुम्ही पाहिलंय का? दहातल्या आठ जणी माझ्याकडे 'नाही' म्हणतात. कंपनीचा वकील हा कंपनीचा असतो. २००७ पासून त्या प्रक्रियेतल्या लेबर सर्टिफिकेशनचा (त्या जागेसाठी इथला माणूस मिळत नाही, अशा कामगार खात्याच्या मान्यतेचा) वकिली खर्च कर्मचाऱ्याकडून घ्यायला कंपनीला बंदी आहे. तो भाग तुम्हाला स्वतः करताच येत नाही, कारण अर्जदार कंपनी असते. जे अजून रांगेत आहेत आणि ज्यांच्या डोक्यात नोकरी बदलायची आहे, त्यांनी तो प्रश्न कंपनीच्या वकिलाला विचारू नये. त्याची निष्ठा दुसरीकडेही बांधलेली आहे. बाहेरच्याला पैसे देऊन विचारावा.

वकील कसा निवडायचा? इमिग्रेशन केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याची सनद असलेला वकील चालतो, न्यू जर्सीचाच हवा असं नाही. सनद आहे का, कधी कारवाई झाली का, हे त्या राज्याच्या संस्थळावर बघता येतं. सल्ल्याच्या तासाची फी आधी विचारा. पूर्ण काम दिलंत तर किती आणि त्यात काय येतं, मुलाखतीला शेजारी बसणार की नाही, उलट विचारणा आली तर तिचं उत्तर त्याच फीत आहे का, हे लेखी घ्या. वकील तुमच्यातर्फे उभा राहिला की जी-२८ नावाचा फॉर्म भरतो, मग पत्रं त्याच्याकडे जातात; तुम्हाला प्रत मिळालीच पाहिजे असं बजावा. जो सगळं करतो म्हणतो पण फॉर्मवर तयार करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घालायला तयार नसतो, त्याच्याकडून उठून या. पुण्या-मुंबईतले व्हिसा कन्सल्टंट आणि इथले टॅक्स-कम-इमिग्रेशन दुकानवाले यात भरपूर सापडतात. खोट्या माहितीखाली सही तुमची असते, त्यांची नसते. पैशाची अडचण असेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्था आहेत, त्यांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी वकील नसूनही अधिकृतपणे हे काम करतात आणि बरेचदा आमच्याहून बरं करतात.

मराठी वकील हवा असं तुम्ही लिहिलंय. समजू शकते. पण मंडळात भेटणाऱ्या माणसापुढे नवऱ्याची दारूची केस उघडायला लोक कचरतात आणि अर्धंच सांगतात, हे मी पाहिलंय. अर्धं सांगायचं असेल तर अनोळखी पंजाबी किंवा पोलिश वकील बरा.

मुलीचं सोपं आहे. २००० सालच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालचं ग्रीनकार्डवालं मूल, आईवडिलांपैकी एक जण नागरिक झाला आणि मूल त्याच्या ताब्यात त्याच्याबरोबर राहत असलं, की त्याच क्षणी आपोआप नागरिक होतं. यजमानांनी शपथ घेतली की मुलगी झाली. वकिलांनी सांगितलेलं सर्टिफिकेट म्हणजे एन-६००, त्याची नुसती सरकारी फीच हजार डॉलरच्या वर आहे. त्याऐवजी बापाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, तिचा जन्मदाखला आणि ग्रीनकार्ड घेऊन थेट तिचा अमेरिकन पासपोर्ट काढा. सर्टिफिकेट पुढे कधी सवडीने काढलं तरी चालतं.

आईंचं मात्र सोपं नाही, आणि तिथे अमेरिकन वकिलापेक्षा साताऱ्यात हेलपाटे घालणारा भाऊ जास्त उपयोगी पडेल. आधी एक गैरसमज: यजमान नागरिक झाले तरी ते सासूबाईंसाठी अर्ज करू शकत नाहीत. आईसाठी मुलीनेच करायचा, आणि ती नागरिक असली पाहिजे. म्हणून तुमची २०२६ की २०२८ ही निवड महत्त्वाची. पण कागद आत्तापासून जमवता येतात.

तुम्ही लिहिता की आईंचा जन्म घरी झाला आणि जन्मतारीख १ जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेला १ जून आपल्याकडे निम्म्या पिढीचा वाढदिवस आहे. मुंबईच्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी तो पाहिलेला असतो, त्याला घाबरू नका. घोळ नावांचा होतो. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि माहेरची कुसुम सासरी सुनंदा झाली, याची नोंद कुठल्याच कागदावर नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी, आणि तुमच्या जन्मदाखल्यावर आईच्या जागी तिसरंच काहीतरी, बरेचदा नुसतं वडिलांचं नाव. तुमचा दाखला तर कदाचित बाळाच्या नावाशिवायच असेल. जुन्या दाखल्यांवर ती जागा कोरी राहिलेली असते. तेव्हा नगरपालिकेतून तुमचा दाखला नावासह नव्याने काढा, आईंच्या जन्माची नोंद सापडत नसल्याचा दाखला घ्या, त्यांच्या शाळेचा दाखला मिळवा, आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं सांगणारी, वयाने मोठ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा. ते नातेवाईक आहेत तोवर करा.

पुढे आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, मग तुमच्या उत्पन्नाची हमी, मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. वकिलात म्हणतात खरं, पण तिथे वकिलाला आईंच्या शेजारी उभं राहू देत नाहीत सहसा. त्यामुळे आईंना स्वतःचे कागद पाठ हवेत. यजमानांचे आईवडील भारतात असतील आणि त्यांनाही आणायचं असेल तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा. हा सगळा प्रवास नावं सरळ असतील तर स्वतः करता येतो. आईंना पर्यटक व्हिसावर आणून इथल्या इथे ग्रीनकार्डचा अर्ज टाकू, हा विचार मनात असेल तर मात्र आधी वकील. येताना अधिकाऱ्याला काय सांगितलं, यावर तो डाव उलटू शकतो.

तुमच्या शपथेच्या दिवशी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. त्या दिवसानंतर जुन्या पासपोर्टवर प्रवास करू नका, तो जमा करा, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं आजीवन व्हिसासारखं कार्ड) काढा. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारसनोंद अजून झाली नसेल तर या दिवाळीत जाल तेव्हाच करून या.

आणि एक, वकिलीच्या बाहेरचं. पत्रात आईंना काय हवंय ते कुठेच नाही. ग्रीनकार्ड म्हणजे इथे राहणं. सहा महिन्यांनी एकदा तोंड दाखवून साताऱ्याला परत, हे चालतं असं सगळे सांगतात आणि ते खरं नाही. नेवार्कच्या विमानतळावर एका आजोबांनी तासाभराच्या प्रश्नांना कंटाळून कार्ड परत केल्याच्या आय-४०७ वर सही केली. ती सही कुणी सक्तीने घेऊ शकत नाही, इमिग्रेशन जज्जपुढे जाण्याचा हक्क आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. शिवाय मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायलाही त्यांना इथे पाच वर्षं काढावी लागतील, तोवर इन्शुरन्स तुमच्या खिशातून. पर्यटक व्हिसावर त्यांना एकदा इथे महिनाभर ठेवून बघा. मे महिन्यात नको, जानेवारीत आणा.